गेंडीणबाईंचा डबा

माझ्या हातचं खाऊन पृथ्वीच्या पाठीवरची एक जात तगली, असं आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत छापून आलेलं आहे, थांबा, दाखवतो, हे बघा, फोटोसकट. आता फोटोतला गेंडा आफ्रिकेतला आहे, उघड्या माळावर उभा आहे, एवढं मोठं शिंग आहे, आणि मी ज्या बाईंना जेवू घातलं त्या दाट पावसाळी जंगलातल्या, सुमात्रा बेटावरच्या, अंगावर तांबूस केस, शिंग म्हणाल तर नाकावर गळू आल्यासारखं, आणि उंची माझ्या छातीपर्यंत. मी अध्यक्षांना म्हटलं, साहेब, हा तो नाही. ते म्हणाले, वानखडे, गेंडा तो गेंडा, आणि ह्या फोटोचं रेझोल्यूशन चांगलं आहे. बरं, जात तगली म्हणावं तर तेही अजून ठरलेलं नाही, चार घरच्या माणसांची बोटं जमवली तर मोजून होतील इतकेच उरलेत जगात. मी काय केलं, तर फांद्या कापल्या, धुतल्या, खोक्यात भरल्या आणि विमानतळावर नेऊन दिल्या. पण तेवढ्यावर कोणाला शाल घालता येत नाही, म्हणून मग जात तगली.

मी मूळचा वरुडकडचा, अमरावती जिल्हा, संत्र्यांचा मुलूख. वडलांची रोपवाटिका होती, संत्र्याची रोपं तयार करून विकायची, त्यामुळे चिखल, पाणी आणि कात्री हे मला चालायला यायच्या आधी आलं. आई म्हणायची, ह्या पोट्ट्याच्या बुडाले मुंग्या हायेत बाप्पा, एका जागी बसत नाही. ते खरंच आहे, आत्तासुद्धा बघा, तुमच्याशी बोलता बोलता कितीदा उठलो, बायको आतून बघत असेल. बायको पुण्याची, मीना, तिनं माझ्या बोलण्यातलं काहून घालवलं, हाव घालवलं, बाप्पा तेवढं राहिलं. तर अकोल्याला शेतकी शिकलो आणि मग इथे ॲरिझोनात एमएस करायला आलो, झाडांचंच. माझ्याबरोबरचे जे मराठी लोक होते ते सगळे चिप्स बनवणारे, बटाट्याच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या, चँडलरला त्याच्याच कंपन्या. मी लागलो नर्सरीत. पहिल्या गणपतीला एकानं विचारलं, कुठे असता, मी म्हटलं नर्सरीत, तर त्याची बायको म्हणाली, अय्या, मग आमच्या पिंकीला घ्याल का, अडीच वर्षांची आहे. तेव्हापासून मी झाडं कापतो असं सांगतो. मग पुढे कोणी काही विचारत नाही.

गेंड्याचं कसं आलं, ते सांगतो. आमच्या नर्सरीचा मालक रॉन, वाळवंटात जन्मलेला म्हातारा, त्याच्याकडे फायकसची मोठी बाग होती. फायकस म्हणजे आपल्याकडे ज्याला नांद्रुक म्हणतात ते, वडाचाच भाऊ, चकचकीत लहान पानं, तोडलं की पांढरा चीक येतो. इकडे लोक कुंपणाला लावतात, शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून. तर एक दिवस रॉन म्हणाला, अरविंद, एका झूचा फोन आहे, त्यांना आपली पानं हवीत, खायला. मला वाटलं माकडांना असतील. तर गेंडा. त्या झूत सुमात्राचे दोन होते, एक बाई आणि एक बुवा, आणि ते झू कुठे, तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फाच्या मुलखात. ह्या जातीच्या जनावरांना पहिल्यांदा अमेरिकेत आणलं तेव्हा म्हणे गवत घालायचे, गेंडा म्हटला की गवत, आणि ते काही त्यांना मानवलं नाही, बरेच दगावले, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की अरे, हे जंगलातलं जनावर आहे, हे गवत नाही खात, हे पाला खातं, आणि त्यातही ह्या वडा-नांद्रुकाच्या घराण्यातला पाला दिला की पडलेलं जनावर उठून उभं राहतं. आता बर्फात कुठे येणार नांद्रुक. म्हणून मग विमानानं. काही फ्लोरिडातून जायचा, काही आमच्याकडून.

काय सांगू तुम्हाला, मला ते काम इतकं आवडलं. फवारा मारायचा नाही, खत बघून, पान धुवायचं, ओल्या कागदात गुंडाळायचं, खोक्यात असं रचायचं की दबून काळं पडू नये. घरी मी त्याला डबा म्हणायचो. मीना विचारायची, कुठे निघालास, मी म्हणायचो, बाईंचा डबा पोचवून येतो. तिकडे त्यांना सांभाळणारा एक माणूस होता, पॉल, त्याचा फोन यायचा. त्या बाईंचं त्यांनी काहीतरी सुमात्राच्या भाषेतलं नाव ठेवलं होतं, मला ते नीट जमायचं नाही, म्हणून मी बाई म्हणायचो, आणि मग पॉलही म्हणायला लागला, बाई एट वेल टुडे. बाई जेवल्या हे ऐकलं की माझा दिवस बरा जायचा. न बघितलेल्या जनावराची काळजी कशी लागते हे मला विचारू नका, आईला विचारा, ती मला वरुडवरून विचारायची, जेवला का, तिला तरी कुठे दिसत होतो मी. तिला सांगितलं गेंड्याला चारा पाठवतो, तर म्हणाली, इतक्या दूर जाऊन शेवटी जनावराचंच करतं? इथं का बैल नव्हते?

आता ती थंडी. आमच्याकडे थंडी पडत नाही असं लोकांना वाटतं, पण एखाद्या जानेवारीत अशी कडक येते की फायकस भाजल्यासारखं होतं. त्या वर्षी तशी आली, लागोपाठ येत राहिली. सकाळी बागेत गेलो तर सगळी पानं तपकिरी, हाताने चुरली तर कुरकुर वाजत होती, पापडासारखी. रॉन टोपी काढून उभा राहिला. मी पॉलला फोन केला, तो म्हणाला, फ्लोरिडाचा माल वादळात अडकलाय, विमानं बंद आहेत, आमच्या फ्रीजमधलं संपत आलंय. मी म्हटलं, दुसरं काही घालून बघ ना, तो म्हणाला, घालतो आहे, ती वास घेते आणि तोंड फिरवते, बुवा थोडं तरी खातोय, ती नाही. आणि मग म्हणाला, अरविंद, ती आधीच अशक्त आहे, तिचं खाणं एकदा सुटलं तर परत चालू करणं फार अवघड आहे.  म्हणजे बघा, जगात असली जनावरं इतकी थोडी, त्यातल्या माद्या किती, त्यातली ही एक, आणि तिचा डबा माझ्याकडे, आणि डब्यात घालायला काही नाही.

मग मी गाडी काढली आणि सगळं चँडलर पालथं घातलं. एकेका सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे बंगल्यांच्या वसाहतीत, शिरायचो, भिंतींवरून डोकावायचो, सगळीकडे तेच, तपकिरी. एका ठिकाणी एका बाईनं पोलिसांना फोन करते म्हणून सांगितलं. मीनानं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, कोणाच्या बॅकयार्डमध्ये हिरवं फायकस आहे का, अर्जंट, गेंड्यासाठी. त्यावर हसण्याचे इमोजी आले, एकानं गणपतीचा फोटो टाकला, एकानं विचारलं किती लोकांचा कार्यक्रम आहे. आणि मग एकीनं लिहिलं, मालतीकाकूंचं वडाचं झाड बघा, काकूंनी त्याला साड्या नेसवल्यात.

मालतीकाकू म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यांच्या काकू, सोलापूरच्या, काका चिप कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्या मागच्या अंगणात, दोन भिंतींच्या कोपऱ्यात, एक जुनं मोठं फायकस होतं आणि दर वर्षी वटपौर्णिमेला गावातल्या मराठी बायका त्याची पूजा करायच्या. वड नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोन्सायभोवती फेऱ्या मारण्यापेक्षा बरं, असं काकूंचं म्हणणं. इकडे थंडीत लोक झाडांवर जुन्या चादरी टाकतात, ती इथली रीतच आहे. काकूंकडे चादरी पुरल्या नाहीत म्हणून त्यांनी जुन्या नऊवाऱ्या, सहावाऱ्या काढल्या, एकीला एक शिवल्या, आणि काकांनी शिडीवर चढून ते सगळं झाडावर टाकलं, आतून दिवाळीच्या दिव्यांची माळ लावली, उबेसाठी. बाहेरून बघितलं तर एखादी राक्षसीण नटून उभी आहे. सोसायटीची नोटीस आली होती, हे डेकोरेशन परवानगीत बसत नाही म्हणून. मी गेलो, पदर उचलला म्हणा ना, आणि आत बघतो तर हिरवंगार. मला रडूच यायचं राहिलं.

काकू म्हणाल्या, चहा घे. मी म्हटलं, काकू, चहा नको, ह्या झाडाच्या फांद्या हव्यात. किती, म्हणाल्या, पूजेला? मी म्हटलं, सगळ्या.

मग जे झालं ते विचारू नका. वटसावित्रीच्या झाडाला कात्री लावतोस, म्हणाल्या, तुझी अक्कल कुठे गहाण पडलीय? ह्यांचं ऑपरेशन झालं, दोन स्टेंट घातले, ते कोणाच्या पुण्याईवर उभे आहेत? काका पेपरातून वर बघून म्हणाले, स्टेंट डॉक्टरनं घातले, झाडानं नाही. काकू म्हणाल्या, डॉक्टर तुमचा होता, झाड माझं आहे, तुम्ही मध्ये बोलू नका. मी त्यांना सगळं सांगितलं, जात, जंगल, किती उरलेत, पुढे काय होईल, मला त्या झूच्या माहितीपत्रकातलं जेवढं पाठ होतं तेवढं. काकू ऐकत होत्या आणि पोहे ढवळत होत्या. जात-बीत त्यांना काही लागलं नाही. एकदम म्हणाल्या, नवरा आहे का तिला? मी म्हटलं, आहे, पण वेगळा ठेवतात, एकत्र आले की भांडतात, एकमेकांना चावतात, ठरावीक दिवशीच भेटवायला लागतं. काका म्हणाले, चांगली पद्धत आहे. काकूंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाल्या, आणि आता काय खाते ती? मी म्हटलं, काही नाही, वास घेते आणि तोंड फिरवते. म्हणजे उपाशी आहे? मी म्हटलं, हो, उपाशी.

त्यांनी गॅस बंद केला. म्हणाल्या, त्या झाडाखाली बसून मी दर वर्षी उपास करते, तो माझ्या मर्जीनं करते, मी कोणाला उपाशी ठेवायला नाही झाड लावलेलं. मग म्हणाल्या, बुंध्याला माझं सूत आहे, जुनं, त्याला हात लावायचा नाही, त्याच्या वरचं काय ते काप. आणि पोहे खाऊन काप.

ग्रुपवर बातमी गेली आणि बघता बघता अंगण भरलं. जे इमोजी टाकत होते तेच आले, मोजे घालून, कानटोप्या घालून. साड्या उतरवल्या, घड्या घातल्या. मी शिडीवर, खाली बायका एकेक फांदी झेलतायत, बाथटबात पानं धुतायत, काकांनी बाथरूममधून बाहेर येऊन विचारलं, मी आंघोळ कुठे करू, तर काकू म्हणाल्या, एक दिवस नाही केलीत तर गेंडा नाही मरणार. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती, ती म्हणत होती, बाबा, धिस इज सो एक्स्ट्रा, म्हणजे फारच अती चाललंय, पण कागद ओले करून देत होती. चिकानं सगळ्यांचे हात काळे. एरवी जे लोक पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणी किती माणसांचं आणलं ह्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत ते शेजारी शेजारी बसून पानं पुसत होते. संध्याकाळच्या विमानानं डबा गेला. झाडाचं काय राहिलं होतं, तर खालचा बुंधा, काकूंचं सूत, आणि वर चार काड्या. काकू म्हणाल्या, विधवेसारखं दिसतंय गं. 

दुसऱ्या दिवशी पॉलचा फोन. म्हणाला, बाई जेवली. उभी राहून जेवली, फांदी पायाखाली घेऊन, जशी खाते तशी. मी गाडी बाजूला घेतली आणि काकूंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, सगळं संपवलं का, टाकलं तर नाही ना. सासूच होत्या त्या.

इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी, स्मरणिकेत इथेच संपलीय. पण संध्याकाळी परत पॉलचा फोन, आणि आवाज वेगळा. अरविंद, म्हणाला, खाऊन उरलेल्या फांद्यांमध्ये एक दोरा सापडलाय, हिरवा, एका टोकाला गाठ, दुसरं टोक चावलेलं. बाकीचा दोरा कुठे आहे?

मला काही कळेना. हिरवा दोरा? मी काकूंकडे गेलो, काकूंनी बुंध्याचं सूत दाखवलं, पांढरं, उन्हानं पिवळं पडलेलं, म्हणाल्या, माझं सूत इथंच आहे, जसंच्या तसं, हिरवा दोरा मी आयुष्यात बांधला नाही. आणि गेल्या जूनमध्ये तर मी नव्हतेच, ह्यांचं ऑपरेशन, हॉस्पिटलमध्ये होते, पोरींना किल्ली दिली होती, पूजा करून जा म्हणून. असं म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी नेहाला फोन लावला.

नेहा म्हणजे पुण्याची, नुकतीच लग्न होऊन आलेली तेव्हा, त्या जूनमधली पूजा तिनंच पुढाकार घेऊन केली होती. ती म्हणाली, काकू, सूत संपलं होतं, म्हणून मी माझा क्रोशाचा दोरा आणला, हिरवा होता, झाडाला मॅच होईल म्हणून. काकू म्हणाल्या, मग बुंध्याला का नाही? तर ती म्हणाली, काकू, झाड दोन भिंतींच्या कोपऱ्यात, मागून जाताच येत नाही, तुम्ही काय करता ते आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून मग एक जण इकडे उभी राहिली, एक जण तिकडे, आणि दोऱ्याचा गुंडा फांद्यांवरून एकमेकींकडे टाकला. सात वेळा? हो काकू, सात वेळा, दर वेळी गाठ मारली. काकू बुंध्यापाशी वाकून, हात पुढे करून मागून सूत काढायच्या, इतकी वर्षं, ते कोणी नीट बघितलंच नव्हतं. आणि क्रोशाचा दोरा, तो उन्हानं विरत नाही, पाण्यात हिरव्या पानात दिसत नाही, आम्ही इतक्या जणांनी ती पानं धुतली, एकालाही दिसला नाही.

तर मला ते पॉलला सांगायचं होतं. त्यानं फोनवर डॉक्टरलाही घेतलं होतं. मी म्हटलं, हे झाड पवित्र आहे, बायका त्याला दोरा बांधतात, पुढचे सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून.  मग डॉक्टर म्हणाला, सेम हजबंड? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, आणि नवऱ्याला कोणी विचारतं का? मी म्हटलं, नाही, तशी पद्धत नाही. पॉल म्हणाला, दोरा किती लांब असेल? मी म्हटलं, एवढ्या मोठ्या झाडाला सात वेळा. डॉक्टर म्हणाला, लांब दोरा पोटात गेला तर आतड्याला गुंडाळतो, आणि ह्या जनावराला भूल देऊन पोट उघडणं म्हणजे ती परत उठेल ह्याची खात्री नाही. पॉल म्हणाला, आता वाट बघायची. कसली वाट? शेणाची.

ते दिवस मी कसे काढले मला माहीत. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, नर्सरीत जाऊन जळकी झाडं उगाच छाटत होतो, रॉन म्हणाला, त्यांना राहू दे, ती मेलेली आहेत. फोन हातात, पहिल्या रिंगलाच उचलायचो. मनात एकच, की ज्या बाईला वाचवायला गेलो तिच्या पोटात मीच फास पाठवला, आणि तोही सात जन्मांचा. तिकडे झूतले लोक हातमोजे घालून प्रत्येक लेंडका फोडून बघत होते. इकडे नेहा रडून रडून अर्धी, काकूंनी तिला घरी आणून ठेवलं, म्हणाल्या, चूक माझी, किल्ली दिली, पद्धत नाही दिली. ग्रुपवर ठरलं की सगळ्यांनी अथर्वशीर्ष म्हणायचं, गेंड्याच्या पोटासाठी, अकरा वेळा. एकानं विचारलं, संकल्पात काय म्हणायचं. काका म्हणाले, शौचशुद्धी म्हणा. काकूंनी त्यांना बाहेर काढलं.

आणि मग आला फोन. पॉल ओरडलाच, इट्स आउट, मॅन, इट्स आउट. सगळा दोरा, एकच गोळा, बाई ठीक आहे, जेवते आहे. मी खाली बसलो, तिथेच, नर्सरीत, मातीत, आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसलो म्हणा. पॉलनं फोटो पाठवला, हातमोज्यावर तो दोरा, धुतलेला, तरी काय विचारता. मी तो ग्रुपवर टाकला. मुलगी म्हणाली, बाबा, दॅट इज सो ग्रोस, यू काण्ट जस्ट पोस्ट दॅट. पण तिच्या आईनं तो काकूंना मोठा करून दाखवला, काकूंनी चष्मा लावला, नीट बघितला, आणि नेहाला जवळ बोलावून म्हणाल्या, बघ, गाठी सुटल्या नाहीत हो तुझ्या. नेहा हसली, मग परत रडली. काका म्हणाले, तिच्या नवऱ्याला कळवा.

त्यानंतर आठवड्याच्या आत फ्लोरिडाची विमानं सुरू झाली आणि बाईंचं जेवण रुळावर आलं. तेव्हा आम्ही जात तगवली म्हणजे काय, तर फ्लोरिडाचं वादळ ओसरेपर्यंत एका बाईचं जेवण चुकू दिलं नाही. तेही जवळजवळ उलटंच झालं होतं.

मी एकदाच बघितली तिला. त्याच उन्हाळ्यात मीना आणि मुलीला घेऊन गेलो. पॉलनं आत नेलं. बाई चिखलात लोळत पडल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून, आणि आवाज करत होत्या, शीळ म्हणावी तर शीळ नाही, रिकाम्या बाटलीत कोणी फुंकर मारतंय आणि मधेच दाराची बिजागरी करकरतेय असं काहीतरी, पण चालीत. पॉल म्हणाला, गाते आहे. मीना म्हणाली, हिला बरं वाटतंय. मी बरोबर एक फांदी नेली होती, धुतलेली, दहादा तपासलेली, ती गजातून पुढे केली. बाई उठल्या, चिखल गळत होता, अंगावरचे केस चिकटलेले, बारके डोळे, माझ्याकडे बघितलं असं मी म्हणणार नाही, फांदीकडे बघितलं. आधी माझ्या हाताचा वास घेतला, गरम फुंकर, मग फांदी घेतली आणि खाल्ली, चावताना डोळे मिटून. मी इतका वेळ एका जागी उभा राहिलो की मीनानं विचारलं, तुला बरं वाटतंय ना. आईला फोन करून सांगितलं, बघितलं बाप्पा तिला. तर म्हणाली, जेवली का?

पुढे त्या दोघांनाही सुमात्राला परत पाठवलं, त्यांच्या जंगलात, मोठ्या राखीव जागेत, कारण आता ठरलं की जे काही उरलेत ते सगळे एकत्र, आपल्या मातीत ठेवायचे. मला वाटतं बरोबरच आहे ते. आता अमेरिकेत ह्या जातीचा एकही नाही. तिकडे झाडं अंगणात असतात, विमान लागत नाही, साड्याही लागत नाहीत. पॉल कधीतरी कळवतो, बाई आहेत, पिलू काही नाही अजून, वय झालंय. मी म्हणतो, असू दे, जेवतायत ना.

आणि मी इथेच. काकूंचं झाड दोन उन्हाळ्यांत पुन्हा भरलं, पहिल्यापेक्षा दाट, काका रोज त्याच्या सावलीत पेपर वाचतात, स्टेंट काम करतायत. नेहाला दोन मुलं आहेत, नवरा तोच. दर वर्षी पूजेच्या दुसऱ्या दिवशी ती येऊन स्वतः दोरा मोजून काढते. माझं म्हणाल तर जानेवारी आला की अजूनही मला चैन पडत नाही, सकाळी उठून आधी फोनवर थंडी बघतो, मग आठवतं की आता कोणाला पाठवायचं नाही. म्हणजे पाठवतो, त्याच झूला पाठवतो, पण जिराफाला. जिराफाला काहीही चालतं. तुमच्या मुलाबाळांना सुखी ठेवो देव, आणि त्या बाईंना पोटभर मिळो, माझं एवढंच मागणं आहे, ते छापायचं तर छापा.

झूबरोबरच्या करारात तेव्हा एक नवी अट घातली होती, की पुरवठादाराने फांद्यांना कोणत्याही धार्मिक कारणासाठी दोरा बांधलेला नसावा. गेंडे गेले, अट तशीच आहे. आता ती जिराफाला लागू आहे.